तुळईचा वाडगा

ट्रकमधून ओंडका उतरवून घेताना झेइनोल्लाने बायकोला जे सांगितलं, ते त्याला तेव्हा खोटं असं वाटलंच नाही. कुल्याश ओले हात पुसत दारात उभी होती. हे कुठनं आणलंत, तिने विचारलं. स्टेशनमागचं जुनं गोदाम पाडतायत, तिथली तुळई आहे, चांगलं चिडाचं लाकूड चुलीत जात होतं, असं तो म्हणाला. तिने मान हलवली आणि ती आत गेली. एका वाक्याने घरात शांतता राहत असेल तर ते वाक्य बोलून टाकावं, असं त्याचं साधं धोरण होतं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात त्याला ते बहुतेक वेळा फळलं होतं.

तुळई गोदामाची नव्हती. ती सारीकुदुकची होती, झेइनोल्लाच्या वडिलांच्या घराची. ते घर बांधायचं ठरलं तेव्हा गवताळ मैदानात झाड म्हणून नव्हतं. त्याच्या वडिलांनी इर्तिश नदीकाठच्या जंगलातून हा चीड तोडून, दोन बैलांच्या घसरगाडीवर घालून, बर्फातून चार दिवसांत गावी नेला होता. पुढल्याच वर्षी डोंगरापलीकडे अणुस्फोट सुरू झाले आणि चाळीस वर्षं चालू राहिले. स्फोटांच्या त्या मैदानाला लोक नुसतं पोलिगॉन म्हणत. स्फोटाच्या दिवशी शिपाई येऊन सगळ्यांना घराबाहेर काढायचे, कोरड्या ओढ्यात पालथं झोपायला लावायचे. परत यावं तर छताचा गिलावा ताटात पडलेला असायचा. तुळई मात्र हलली नाही. गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने ओसाड घराचं छप्पर बसलं, तरी ती एक टोक वर करून उभीच होती. पुतण्या दार्मेनने घर पाडायला काढलं आणि तसा निरोप दिला, तेव्हा झेइनोल्लाला राहवलं नाही.

पण सारीकुदुकहून काहीही घरात यायचं नाही, असा कुल्याशचा नियम होता. तिथलं मांस नको, वाळवलेल्या दह्याचं कुर्त नको, मीठसुद्धा नको. त्यांचा पहिला मुलगा त्या घरात जन्मला आणि नऊ दिवस जगला. डॉक्टर म्हणाले, हृदय अशक्त होतं. का अशक्त होतं ते कोणी सांगितलं नाही, आणि त्या काळी विचारायची सोयही नव्हती. त्याच वर्षीच्या शरदात दोघं सेमेइ शहरात आली, ती अंगावरच्या कपड्यांनिशी. कुल्याशने उशासुद्धा तिथेच टाकल्या. नंतर इथे मेरुएर्त झाली, एकुलती एक. आपला नियम कुल्याश कधी चिडून सांगत नसे. संध्याकाळी दार लावून घ्यावं, तितक्या सहज ती तो सांगे.

आता मेरुएर्त चौतिशीची होती, पावलोदारला एका शाळेत गणित शिकवायची, आणि सातव्या महिन्यात माहेरी आली होती. याआधी दोनदा तिचं पोट रिकामं झालं होतं. तिचा नवरा संझार रेल्वेचं इंजिन चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणून तोच तिला आणून सोडून गेला, आणि जाताना सासूला म्हणाला, हिला हसवत ठेवा.

बाळासाठी आधीपासून काही आणायचं नाही, विणायचं नाही, नाव काढायचं नाही, असं कुल्याशने सगळ्यांना बजावलं होतं. त्यामुळे झेइनोल्ला वाडगा कातायला बसला तो बाऊरसाक ठेवायला म्हणून. तळलेल्या पिठाच्या गोळ्यांसाठी घरात चांगली तीन भांडी होती. बाळाच्या चाळिसाव्या दिवशी आजीने ज्यात चाळीस चमचे पाणी ओतून त्याला न्हाऊ घालायचं, तो हा वाडगा, हे घरातल्या तिघांनाही कळत होतं आणि तिघंही बाऊरसाकाबद्दल बोलत होती.

"एवढ्या मोठ्या वाडग्यात किती बाऊरसाक मावतील, आके?" मेरुएर्त वडिलांना विचारायची.

"साडेतीन किलो," झेइनोल्ला म्हणायचा. "फार तर चार."

तो जातिवंत कातारी होता. एका फर्निचरच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्याने टेबलांचे पाय कातले होते, आणि कारखाना बंद झाला तेव्हा मोडीत निघालेलं एक लेथ अंगणातल्या खोपट्यात आणून बसवलं होतं. तुळईचा चांगला जाड तुकडा कापून त्याने तो गाभ्यावरून उभा चिरला. गाभा ठेवला की लाकूड पुढेमागे तडकतंच. अर्धुकाचे कोपरे करवतीने उडवले, चुंबक फिरवून खिळे शोधले, चार सापडले ते उपटले, आणि तुकडा लेथच्या तबकडीला स्क्रूंनी घट्ट बसवला.

चीड कातायला लबाड लाकूड. एक वलय मऊ, पुढचं टणक, पुन्हा मऊ. पटाशी जराशी बोथट असली की टणक वलय कापलं जातं आणि मऊ फाटतं. पॉलिश कागद घासावा तर मऊ भाग खोल जातो आणि वाडग्याच्या अंगावर बरगड्या उठतात. म्हणून झेइनोल्ला दर पाच मिनिटांनी लेथ थांबवून गोल पटाशीला धार लावायचा. हातात दम असेपर्यंत धार, धारेत दम असेपर्यंत लाकूड, असं तो म्हणायचा. पंचाहत्तर वर्षं छताखाली वाळलेलं ते लाकूड वरून काजळीने काळं पडलं होतं, पण पहिला थर निघाला आणि आतून दूध घालायच्या आधीच्या कडक चहाचा रंग निघाला. राळ केव्हाच सुकून काचेसारखी झाली होती, तरी पटाशीखाली तापली की तिचा वास यायचा, आणि सगळं खोपटं जंगलासारखं घमघमायचं.

त्या वासानेच मेरुएर्तला खोपट्याची सवय लागली. सकाळी तिला मळमळायचं, कशाचाही वास नकोसा व्हायचा, पण हा चालायचा. ती दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि पायाशी येऊन पडणाऱ्या लांब सुरळ्या उलगडून बघायची. दोन आठवड्यांत वाडग्याचं बाहेरचं अंग पुरं झालं. मेरुएर्तने चांगल्या सुरळ्या निवडून त्यांची एक लहान उशी शिवली आणि रात्री ती पाठीखाली घेऊन झोपू लागली. पहिल्यांदाच सलग झोप लागते, आपा, असं तिने आईला सांगितलं.

जुलैतल्या एका रविवारी दार्मेन आला. कुल्याशचा नियम त्याला ठाऊक होता, म्हणून त्याने बाजारातून कलिंगड आणलं होतं, शहरातलं. चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं, कोणाची घोडी व्याली ते झालं. मग तो काकाकडे वळला.

"कोके, आजोबांच्या तुळईचं काय केलंत? कातलीत का, की अजून तशीच आहे?"

झेइनोल्लाने कप खाली ठेवला. मेरुएर्त म्हणाली, "कुठल्या आजोबांची?"

"आपल्याच की. सारीकुदुकच्या घराची. मीच नाही का मे महिन्यात ट्रकवर चढवून दिली..." दार्मेन बोलता बोलता थांबला. त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं.

कुल्याश उठली, तिने कलिंगड घेतलं आणि ते कापायला लागली. एकसारख्या फोडी, सगळं कलिंगड संपेपर्यंत. मग फोडी परातीत मांडून मध्ये ठेवल्या. कोणीही एकही उचलली नाही. मेरुएर्त आत गेली, उशी घेऊन बाहेर आली, ती खोपट्याच्या दारात टाकली आणि नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. दार्मेन लवकरच निघाला. जाताना त्याने काकाचा हात दोन्ही हातांत धरला, पण माफी कशाची मागायची हे त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी मेरुएर्त वडिलांजवळ आली. ती रडत नव्हती. वर्गात समजावून सांगताना बोलायची, त्याच आवाजात ती बोलली.

"आके, लाकूड तिथलं आहे म्हणून मी इतकी घाबरले नाही. तुम्ही लपवलंत म्हणून घाबरले. भिण्यासारखं काही नसतं, तर तुम्ही लपवलं असतंत का?"

लपवताना त्याने किरणांचा विचार केलाच नव्हता, फक्त बायकोच्या तोंडाचा केला होता. पण हे आता सांगून कोण ऐकणार? आणि एकदा प्रश्न विचारला गेल्यावर तो त्याच्याही मनात शिरला. दोन आठवडे आपण तो भुसा श्वासातून घेतला. पोरीने घेतला. तिच्या पोटातल्या जिवाच्या पाठीला लागून ती उशी होती. अंथरुणावर पडल्या पडल्या तो आठवत राहिला, की दारात बसलेली असताना तिच्या केसांत भुसा किती असायचा.

सकाळी त्याने अर्धा कातलेला वाडगा, उरलेलं अर्धुक, ती उशी आणि खोपटं झाडून गोळा केलेला भुसा असं सगळं दोन पोत्यांत भरलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला किरणोत्सर्ग मोजणारी एक प्रयोगशाळा होती, तिकडे बसने गेला. त्याच्या आधी एक माणूस बटाट्यांची पिशवी घेऊन बसला होता. आत राबिगा नावाची पन्नाशीची, आखूड केसांची बाई होती. तिने पोत्यात डोकावून बघितलं.

"लाकूड आहे होय. गेल्या आठवड्यात एकाने सासूची पेटी आणली होती मोजायला. म्हटलं, सासूला का नाही आणलंत? तर म्हणाला, तिचं मला ठाऊक आहे."

झेइनोल्लाला हसू आलं नाही. गाव कुठलं, तिने विचारलं. त्याने सांगितल्यावर तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि थट्टा बंद केली. तिने हातातलं यंत्र वाडग्यावरून, अर्धुकावरून, भुशावरून सावकाश फिरवलं. यंत्र मधूनमधून टिकटिकत होतं, छपरावरून थेंब पडावेत तसं. मग तिने तेच यंत्र त्याच्या कोटावरून, टेबलावरून आणि खिडकीबाहेर धरून दाखवलं. टिकटिक तीच.

"शून्य पूर्णांक बारा. इथल्या हवेचंही एवढंच आहे. आमच्या दारातल्या दगडी पायऱ्या याच्यापेक्षा जास्त बोलतात." तिने थोडा भुसा काढून बरणीत भरला. हा जाळून राख तपासू, आत मुरलेलं काही असेल तर तिथे दिसेल, गुरुवारी या, असं तिने सांगितलं.

तो पळतच घरी आला आणि दोघींना सगळं सांगितलं. पायऱ्यांचंही सांगितलं. मेरुएर्तने ऐकून घेतलं. "गोदाम म्हणालात ना आके, तेव्हाही तुम्ही अगदी याच आवाजात म्हणाला होतात," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

मग गुरुवारपर्यंतचे दिवस आले. मेरुएर्त जेवायची, पण औषध घेतल्यासारखं. डाव्या कुशीवर पडून बाळाच्या लाथा मोजायची आणि वहीत वेळ लिहायची. संझारचा फोन आला की सगळं ठीक आहे म्हणायची. एक दिवस बाळ दुपारभर हललं नाही. त्या दुपारी झेइनोल्ला अंगणात कुऱ्हाड घेऊन नुसता उभा होता. फोडायला लाकूड नव्हतं. चारच्या सुमाराला आतून मेरुएर्तचा आवाज आला, "हाललं." तेव्हा त्याने कुऱ्हाड ठेवली.

कुल्याश त्याच्याशी तीन दिवस बोलली नाही. ताट वाढायची, चहा द्यायची, पण त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत. बुधवारी चुलीपाशी ती एकदम म्हणाली, "आपल्या पोराला नऊ दिवस आपण त्याच तुळईखाली निजवलं होतं."

"मला आठवतंय."

"मग ती इथं आणायला हात कसा धजला तुमचा?"

एवढ्या वर्षांत त्यांनी त्या मुलाबद्दल दोनदाच बोलणं केलं असेल. "बापाची म्हणून आणली असं मी दार्मेनला सांगितलं," तो म्हणाला. "पण मला ती पोराची म्हणून हवी होती. त्याचं दुसरं काय आहे आपल्याकडे? तू उशासुद्धा आणू दिल्या नाहीस."

कुल्याशने पातेल्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा लावलं. रात्री जेवताना त्याच्या पानात चरबीचा चांगला तुकडा पडला, आणि तिने तो वाढताना त्याच्याकडे बघितलं होतं.

गुरुवारी मेरुएर्त कपडे करून दारात उभी राहिली. मी येणार, कागद मी वाचणार, ती म्हणाली. कुल्याशही निघाली. तिघं बसने गेली. बसमध्ये एका माणसाने मेरुएर्तसाठी जागा केली, आणि ती प्रवासभर पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसली.

राबिगाने कागद झेइनोल्लापुढे धरला. मेरुएर्तने हात पुढे करून तो स्वतः घेतला. ओळन् ओळ वाचली. हे माप कशाचं, मर्यादा कोणी ठरवली, मोजणीत चूक किती धरलीय, तिने विचारलं. राबिगा खुर्ची ओढून तिच्याजवळच बसली. अठरा वर्षांत चूक किती धरलीय हे विचारणारी तूच पहिली, ती म्हणाली, आणि कागदाच्या मागल्या बाजूला तिने सगळं गणित मांडून दाखवलं. इर्तिशकाठच्या आज उभ्या असलेल्या कुठल्याही चिडात जेवढं सापडतं, त्याहूनही कमी या राखेत होतं. झाड तुटलं ते पहिल्या स्फोटाच्या आधी. ते पुढे जमिनीतून काही प्यायलं नाही, आणि छताखाली असल्याने पाऊसही त्याच्या अंगावर पडला नाही.

मेरुएर्तने सगळी बेरीज पुन्हा स्वतः केली. मग तिने पेन खाली ठेवलं.

"आणि माझं?" ती म्हणाली.

राबिगाला कळायला क्षणभर लागला. झेइनोल्लाला मात्र लगेच कळलं. पोरगी वाडग्याला भीत नव्हती. आई-बापाच्या रक्तातून आपल्यात काय आलंय, आधीच्या दोन्ही वेळी तेच आडवं आलं का, हा प्रश्न ती किती वर्षं एकटी घेऊन फिरत होती कोण जाणे.

"ऊठ," राबिगा म्हणाली. तिने यंत्र उचललं आणि मेरुएर्तच्या तळहातांवरून, केसांवरून, पाठीवरून आणि मग सावकाश पोटावरून फिरवलं. कुल्याशने नवऱ्याची बाही धरली. यंत्र टिकटिकलं. थांबलं. टिकटिकलं. तेच थेंब, तेवढ्याच अंतराने. मेरुएर्तने आकडा स्वतः बघितला.

"तुझ्या अंगावर, तुझ्या अंगात काही नाही," राबिगा म्हणाली. "हे मी सही करून देईन. पण तुला खोटा धीर देणार नाही. आजीला काय झालं, आईला काय झालं, त्यातून तुझ्याकडे काय आलं, ते हे यंत्र सांगू शकत नाही. ते डॉक्टरांनी बघायचं. बघितलंय ना?"

"तीनदा. सगळं चांगलं आहे म्हणतात."

"मग एकदा विश्वास ठेवून बघ. मीपण तिकडचीच आहे, तुमच्यापासून दोन गावं पलीकडची. मला तीन मुलं आहेत. दोन हुशार. तिसरा कामचोर आहे, पण ते बापाकडून आलंय, त्याला पोलिगॉन काय करणार."

मेरुएर्त हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात घेऊन, मग तिला आवरेना. ती टेबलाला टेकून हसत राहिली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. कुल्याशने तिला जवळ घेतलं आणि "माझ्या शिंगरा, माझ्या शिंगरा," म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. झेइनोल्ला दाराकडे तोंड करून उभा राहिला. मग तो मघाशी राबिगा बसली होती त्या खुर्चीवर बसला.

बाहेर आल्यावर मेरुएर्त म्हणाली, मला भूक लागलीय. कोपऱ्यावरच्या टपरीवर तिने दोन समसे खाल्ले, मांसाचे, गरम, रस मनगटावर ओघळू देत. मग आईच्या हातातला अर्धाही घेतला. मग वडिलांकडे बघून म्हणाली, "तुम्ही सांगितलेलं बरोबर होतं, आके. पण पुन्हा गोदाम सांगितलंत ना, तर आपाला सांगून तुमचं लेथ विकायला लावीन."

"विकू नको. मोडीत दे," कुल्याश म्हणाली. चार दिवसांत तिने त्याच्यावर केलेली ती पहिली थट्टा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेइनोल्लाने वाडगा पुन्हा लेथवर चढवला, या वेळी उलटा, पोकळ करायला. मेरुएर्त खुर्ची घेऊन दाराशी आली. या खेपेला त्याने तिच्या नाकातोंडावर ओला रुमाल बांधला, आणि तिनेही बांधून घेतला. भुसा तो शेवटी भुसाच. आतलं काम बाहेरच्यापेक्षा अवघड. कडेकडून मध्याकडे यायचं, पटाशीची टेकण जवळ ठेवायची, श्वास धरायचा नाही. सुरळ्या त्याच्या मनगटावरून बाहेर उडत होत्या. अर्धी खोली झाली असेल, एवढ्यात लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला आणि पटाशी त्याच्या हातात उसळली. मेरुएर्त दचकून उभी राहिली. त्याने लेथ बंद केलं. पटाशीच्या धारेचा बारीक टवका उडाला होता. आणि वाडग्याच्या तळाशी, लाकडात रुतलेलं, बोटाएवढं जाड काळं लोखंड चमकत होतं. चुंबक फिरवला तेव्हा ते चार बोटं आत होतं, आणि वरचं भोक चुन्याने बुजलेलं.

आवाज ऐकून कुल्याश अंगणातून धावत आली. खोपट्याच्या उंबऱ्याआत तिने उन्हाळाभरात पाऊल टाकलं नव्हतं. तिने आधी मुलीकडे बघितलं, मग वाडग्यात.

"आकडा आहे," ती म्हणाली. "पाळण्याचा."

झेइनोल्लाला तो आकडा माहीत होता. तुळईला टांगलेल्या झोळीत तो स्वतः वाढला होता, त्याची सात भावंडंही. पण आकडा मोडलेला कसा, हे त्याला माहीत नव्हतं.

"मी ओढला होता," कुल्याश म्हणाली. "आपण निघालो त्या दिवशी. तुम्ही बाहेर गाडी जुंपत होतात. म्हटलं, आता इथं कोणी कोणाला झोका द्यायचा नाही. दोरी घालून सगळं बळ लावलं. गंजलेला होता, अर्धा मोडून हातात आला, तो मी विहिरीत टाकला. उरलेला अर्धा निघेना."

आईच्या तोंडून मेरुएर्त हे पहिल्यांदाच ऐकत होती. आपल्या आधी एक भाऊ झाला होता एवढंच तिला माहीत होतं. त्याचं नाव काय होतं, तिने हळूच विचारलं.

"असान," कुल्याश म्हणाली. "सात दिवसांचा झाल्यावर ठेवलं. त्याचे कान तुझ्यासारखे होते. बाहेर आलेले."

झेइनोल्लाने भोवतालचं लाकूड चाकूने कोरून सैल केलं, पक्कड लावली आणि डावीउजवीकडे हलवत लोखंड बाहेर काढलं. ते त्याने बायकोच्या तळहातावर ठेवलं. तिने ते अंगठ्याने पुसलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. खुर्ची एकच होती, तिच्यावर मेरुएर्त बसली. कुल्याश सुरळ्यांच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, चालू द्या तुमचं.

त्याने पटाशीला धार लावली. लोखंडाचं भोक आणखी दोन थरांत निघून गेलं, पण तळाशी नाण्याएवढा निळसर काळा डाग राहिला. आणखी खोल गेलं तर तळ पातळ होईल, असं तो पुटपुटला. तरी घेऊ का, त्याने विचारलं.

"राहू दे," कुल्याश म्हणाली.

दुपारपर्यंत वाडगा पुरा झाला. जवसाचं तेल कोमट करून त्याने ते फडक्याने आतबाहेर चोळलं, आणि लाकडाचा रंग एकदम गडद झाला. मेरुएर्तने वाडगा मांडीवर घेतला. पोटामुळे तो गुडघ्यांवरच टेकवावा लागला.

"चार किलोचे बाऊरसाक मावतील," ती म्हणाली.

"गप गं," कुल्याश म्हणाली. पण ती हसत होती.

मुलगी झाली सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, साडेतीन किलोला थोडी कमी. संझार गाडीवर होता, त्याला दुसऱ्या दिवशी पोचायचं होतं. प्रसूतिगृहात बाहेरच्यांना आत सोडत नसत, म्हणून आजी-आजोबा बाकीच्या लोकांसारखे अंगणात उभे राहून वर बघत होते. शेजारी एक तरुण गालिच्याएवढा फुलांचा गुच्छ घेऊन चुकीच्या खिडकीखाली ओरडत होता. मग दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत मेरुएर्त आली. थकलेली, केस विस्कटलेले. तिने कापडात गुंडाळलेला एक लालबुंद चेहरा काचेपाशी धरला. चेहऱ्याने तोंड उघडलं. आवाज काचेतून आला नाही, पण रडणं केवढं मोठं आहे ते खालूनही दिसत होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?" कुल्याशने हातवारे करून विचारलं.

मेरुएर्तने खिडकीची फट उघडली. "सगळं मोजलं," ती वरून म्हणाली. "हृदय दोनदा ऐकलं. उत्तम आहे. दोघी उत्तम आहोत. घरी जा आता, आपा, तुम्ही कालपासून उभ्या आहात."

ती दोघं फाटकाबाहेर आली. बसथांबा समोर होता, पण बाकडं दिसल्यावर कुल्याश त्याच्यावर बसली आणि उठेचना. झेइनोल्ला शेजारी बसला. चिनारांची पानं पिवळी व्हायला लागली होती. समोरच्या बाईकडून त्याने सूर्यफुलाच्या भाजलेल्या बियांचा एक कागदी पुडा घेतला, आणि दोघं एकेक बी दाताने फोडत सालं पुड्यातच टाकत बसली.

"मला एक सांगा," बऱ्याच वेळाने कुल्याश म्हणाली. "चाळीस वर्षांत आणखी काय काय गोदामातनं आणलंत तुम्ही?"

झेइनोल्लाने विचार केला. "तुझं शिवणयंत्र," तो म्हणाला. "ते स्वस्तात नव्हतं मिळालं."

"ते मला तेव्हाच कळलं होतं." तिने पुडा त्याच्या हातातून घेतला. "आणखी?"

तो सांगत गेला. ती मधूनच हं म्हणायची, मधूनच त्याच्या दंडावर चापट मारायची. चिनारांखालून एक बस आली आणि गेली. मग दुसरीही गेली. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.